लोखंड उभे राहते ते हिशेबावर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखाचे दिवस होते. एका गावी व्याख्यानासाठी गेलो होतो. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आले, वावटळ उठली, आणि पाहता पाहता तिथल्या शाळेच्या अंगणातली प्रार्थनेची पत्र्याची शेड जागची उठली आणि शेजारच्या उसात जाऊन पडली. सुट्टीचे दिवस होते म्हणून बरे. एकही मूल तिच्याखाली नव्हते. वारा ओसरल्यावर सारा गाव जमला. जो तो म्हणू लागला, "लोखंड हलकं वापरलं हो, दुसरं काय!"

मी जवळ जाऊन पाहिले. अँगल शाबूत होते. कैच्यांचे जोड सुटले नव्हते. पत्रे थोडे चेपले होते, एवढेच. मोडले होते ते खांबांच्या पायाशी. तिथले बोल्ट काँक्रीटमध्ये जेमतेम वीतभर गेलेले, आणि ते गाजरासारखे उपटून आले होते. शेजारी एक म्हातारे सुतारकाका उभे होते. ते म्हणाले, "सर, लोखंडाला कशाला बोल लावता? छप्पर खाली पडू नये म्हणून खांब दिले. वर जाऊ नये म्हणून बांधायचं बी असतं, ते इसरले."

मी इतिहासाचा अध्यापक. इमारती बांधणे हा माझा विषय नव्हे. पण सुतारकाकांचे ते वाक्य डोक्यात घोळत राहिले. इमारतीवर कोणकोणता भार येईल, तो कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत पोचेल, आणि वाटेतला प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई व प्रत्येक जोड तो सोसेल की नाही, हे बांधण्याआधी कागदावर ठरवायचे, याला इंजिनिअर लोक डिझाइन म्हणतात. आपल्या सरकारी मराठीत त्याला संकल्पन असे नाव आहे. हा हिशेब माणूस केव्हा आणि कसा शिकला? शोधू लागलो तेव्हा कळले की हा इतिहास जितका बुद्धीचा आहे तितकाच अपघातांचाही आहे. आज नियमांच्या पुस्तकात जी साधी कलमे दिसतात, त्यांतल्या पुष्कळांच्या मागे कुठे तरी कोसळलेला एखादा पूल किंवा एखादी गिरणी उभी आहे.

आरंभ मात्र लोखंडापासून नाही, लाकडापासून करायला हवा. आपला गावचा सुतार आयताकृती तुळई कधी आडवी टाकत नाही; ती नेहमी धारेवर उभी ठेवतो. का, असे विचारले तर म्हणेल, "आडवी टाकली तर लवते." शाळेतली फूटपट्टी घ्या. दोन पुस्तकांवर सपाट ठेवून मधे बोट दाबा, लगेच वाकेल. तीच कडेवर उभी धरून दाबा, हलणार नाही. हा अनुभव हजारो वर्षांचा आहे. त्याला हिशेबाचे रूप देण्याचा मोठा प्रयत्न इटलीच्या गॅलिलिओने केला. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने दाखवले की, तुळईची रुंदी दुप्पट केली तर बळ दुप्पट होते, पण उंची दुप्पट केली तर बळ चौपट होते. तुळईच्या आत काय घडते याविषयीची त्याची कल्पना पूर्णपणे बरोबर नव्हती, ती पुढच्यांनी सुधारली. परंतु हा नियम टिकला.

पुढे १६७८ साली इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने सांगितले की, स्प्रिंगला किंवा तारेला जितका ओढा द्यावा तितकी ती लांबते; दुप्पट ओढ्याला दुप्पट. ओढा सोडला की ती पूर्वीसारखी होते. ऐकायला सोपी गोष्ट, पण इमारतीचा सारा हिशेब या पायावर उभा आहे. पदार्थ किती ताणला गेला हे कळले की त्यावर किती जोर आहे हेही कळते.

तिसरा मोठा धडा खांबाचा. १७४४ साली ऑयलर या स्विस गणितज्ञाने तो गणिताने मांडला. बांबूची एक कामटी घ्या. वीतभर तुकडा उभा धरून वरून दाबला तर तो दाद देत नाही. तीच कामटी हातभर लांब घ्या आणि दाबा; ती चिरडत नाही, मोडतही नाही, बाजूला बाक घेऊन निसटते. सडपातळ खांब असा ढळतो. ऑयलरच्या गणिताप्रमाणे अशा खांबाची लांबी दुप्पट केली तर त्याची शक्ती निम्मी नव्हे, चौथाई राहते. हे गणित त्या काळी कुणाच्या फारसे उपयोगी पडले नाही, कारण दगडाचे आणि लाकडाचे खांब जाडजूड असत. सडपातळ खांब आले ते लोखंडाबरोबर.

लोखंड आपल्या देशाला नवे नव्हते. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा आहे. कोणार्कच्या सूर्यमंदिरात तेराव्या शतकातल्या लोखंडी तुळया आजही पाहायला मिळतात. पण ते लोखंड भट्टीत थोडे थोडे काढून, घणाने ठोकून जोडलेले. लोखंडाचीच इमारत उभारायची तर ते भरपूर आणि स्वस्त मिळायला हवे. ते प्रथम इंग्लंडात घडले, दगडी कोळशाच्या भट्ट्यांमुळे. १७७९ साली सेव्हर्न नदीवर ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा पूल उभा राहिला. त्याची कमान सुमारे शंभर फुटांची. १७९७ साली श्रूजबरी गावी चार्ल्स बेज याने जवसाच्या धाग्याच्या गिरणीची इमारत बांधली. तिचे खांबही बिडाचे आणि तुळयाही बिडाच्या. जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत म्हणून तिचे नाव घेतात. गिरण्यांना वरचेवर आगी लागत. लाकडाऐवजी लोखंड आले ते मुख्यत्वे आगीच्या भयाने.

आता बीड हा पदार्थ कसा आहे ते समजून घेऊ. गुरुजींच्या हातातला खडू घ्या. दोन्ही टोकांना धरून दाबा, तो सहज सोसतो. पण थोडा वाकवा, की कट्‌कन तुटतो. बिडाचेही तसेच आहे. दाब सोसण्यात ते बळकट, ताण सोसण्यात दुबळे. तुळईवर भार आला की ती थोडी तरी वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणजे बिडाच्या तुळईला धोका खालून. ईटन हॉजकिन्सन या संशोधकाने १८३० च्या सुमारास प्रयोग करून दाखवले की, बिडाच्या तुळईचा खालचा पट्टा वरच्याच्या सुमारे सहापट मोठा ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच समर्थ होतात. तुळईच्या मधल्या भागाला मात्र काम कमी असते. म्हणून धातू मधून काढून वर आणि खाली न्यायचा. यातूनच पुढे इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराची तुळई आली. बांधकामावर आपण जी लोखंडी गर्डर पाहतो तिचा आकार शोभेसाठी नाही; तो या हिशेबातून निघालेला आहे.

पण प्रयोगशाळेतले शहाणपण कामाच्या जागी पोचायला वेळ लागतो. १८४४ साली ओल्डहॅम येथे बिडाच्या तुळयांची एक गिरणी बांधता बांधताच कोसळली आणि वीस माणसे गेली. १८४७ साली चेस्टरजवळ डी नदीवरच्या रेल्वेपुलाची बिडाची गर्डर गाडीखाली तुटली. पाच माणसे मेली. पुलाचा इंजिनिअर होता रॉबर्ट स्टीव्हन्सन, त्या काळचा मोठा नामांकित माणूस. बिडाचा दुर्गुण हा की ते तुटण्यापूर्वी काही सांगत नाही. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि पुलांसाठी घणाने व लाटण यंत्राने घडवलेल्या लोखंडाकडे लोक वळू लागले. घडीव लोखंड ताण सोसते, आणि तुटण्यापूर्वी लांबते.

या इतिहासाचे एक पान आपल्या मुंबईत आहे. काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन नावाची जुनी इमारत आहे. पूर्वीचे हे वॉटसन हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज इंजिनिअरने तिचा आराखडा केला. तिचे लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडात ओतून-घडवून, जहाजाने मुंबईला आणून, १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडल्या गेल्या. म्हणजे आज ज्याला आपण कारखान्यात तयार करून जागेवर उभी केलेली इमारत म्हणतो, ती मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी पाहिली. याच हॉटेलात १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवण्यात आली. पुढे तिच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले. २००५ साली तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली ती रिकामी करण्यात आली. लोखंडी इमारत एकदा बांधली की संपले असे नाही. पाणी मुरले, गंज चढला, कोणी भिंती वाढवल्या, की मूळचा हिशेब मूळचा राहत नाही.

इथवर आपण बीड आणि घडीव लोखंड पाहिले. पोलाद, म्हणजे स्टील, तलवारीसाठी आणि हत्यारांसाठी फार पूर्वीपासून माहीत होते. पण ते महाग. १८५६ साली हेन्री बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून थोड्या वेळात टनांनी पोलाद करण्याची रीत जाहीर केली. पाठोपाठ सीमेन्स व मार्टिन यांच्या भट्टीची रीत आली. पोलाद स्वस्त झाले, आणि ते दाब व ताण दोन्ही सारख्याच समर्थपणे सोसते.

त्याचा इमारतींवर काय परिणाम झाला तो अमेरिकेतल्या शिकागो शहरात पाहावा. १८७१ साली त्या शहराला प्रचंड आग लागली. नंतर जागा महाग झाली, आणि इमारती उंच करणे भाग पडले. पण विटांच्या भिंतींवर उंच जायचे तर खालची भिंत जाड करत न्यावी लागते. १८९१ साली तिथे मोनॅडनॉक नावाची सोळा मजली इमारत झाली. तिच्या तळाच्या भिंती सहा फूट जाड आहेत, जणू किल्ल्याचा तटच! त्याच शहरात १८८५ साली विल्यम जेनी याने दहा मजली होम इन्शुरन्स इमारत पुरी केली होती. तिच्यात भार वाहायला लोखंडाचा आणि काही भागात पोलादाचा सांगाडा होता; बाहेरच्या भिंतींकडून फारसे ओझे वाहून घ्यावे लागत नव्हते. आपल्या वाड्यांचा लाकडी सांगाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. खांब, त्यावर तुळया, त्यावर पाटणी, भिंत आडोशापुरती. जगातल्या उंच इमारती याच रीतीवर चढल्या.

सांगाडा हलका झाला, सडपातळ झाला, आणि तेव्हाच दोन जुने शत्रू जागे झाले. एक वारा आणि दुसरा खांबाचा बाक.

आधी वाऱ्याची गोष्ट. स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या खाडीवर जवळजवळ दोन मैल लांबीचा रेल्वेपूल १८७८ साली खुला झाला. इंजिनिअर टॉमस बाउच यांना त्याबद्दल सरदारकी मिळाली. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री मोठे वादळ झाले. त्या वादळात पुलाचा मधला उंच भाग गाडीसकट खाडीत गेला. सुमारे ७५ माणसे होती. एकही वाचला नाही. चौकशीत निघाले ते असे की, गाडीचे वजन सोसायला पूल ठीक होता, पण वाऱ्याच्या आडव्या जोरासाठी हिशेबात वेगळी तरतूद नव्हती. खांबांना आडव्या-तिरप्या पट्ट्या होत्या, पण त्या जिथे अडकवल्या होत्या ते बिडाचे कान कमजोर निघाले. बांधणीत आणि देखरेखीतही दोष सापडले. बाउच वर्षभरात वारले.

या दुःखातून शिकलेला धडा १८९० साली पुऱ्या झालेल्या फोर्थ पुलात दिसतो. तिथे दर चौरस फुटाला ५६ पौंड एवढा वाऱ्याचा दाब धरून हिशेब केला. पूल पोलादाचा, पन्नास हजार टनांहून अधिक वजनाचा. आज शंभरावर वर्षे झाली. गाड्या अजून त्यावरून धावताहेत.

आता खांबाची गोष्ट. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेक शहराजवळ जगातला सर्वांत मोठ्या गाळ्याचा पूल बांधायचा होता. सल्लागार होते थिओडोर कूपर, न्यूयॉर्कचे वयोवृद्ध नामवंत इंजिनिअर. मधला गाळा १६०० फुटांवरून वाढवून १८०० फुटांचा केला. पण वाढलेल्या पुलाचे स्वतःचे वजन पुन्हा नीट काढले गेले नाही. जुन्याच अंदाजावर काम पुढे गेले. चूक ध्यानात आली तोवर पुष्कळ पोलाद तयार होऊन चढलेही होते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या दाबाखालच्या जाड कांबींना बाक येऊ लागला. काही आठवड्यांत तो सुमारे दोन इंचांवर गेला. जागेवरचा तरुण इंजिनिअर नॉर्मन मॅक्ल्यूर ते मोजून कळवत होता. शेवटी तो स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपर यांनी आणखी भार घालू नका अशी तार केली, पण ती पुलावर नव्हे, कंत्राटदाराच्या कचेरीकडे. २९ ऑगस्टला संध्याकाळी, काम सुटायच्या वेळेला, पूल खाली आला. पुलावरच्या ८६ माणसांपैकी ७५ मेली. त्यांत तीसहून अधिक कामगार मोहॉक आदिवासी वस्तीतले होते. ऑयलरचे गणित तेव्हा दीडशेवर वर्षांचे जुने होते. तरी कामटीचा बाक कुणी वेळेवर मनावर घेतला नाही. नव्याने बांधताना १९१६ साली पुन्हा अपघात झाला, तेरा माणसे गेली, आणि १९१७ साली पूल एकदाचा पुरा झाला.

कॅनडात पुढे प्रथा सुरू झाली की, नव्या इंजिनिअरने शपथ घ्यायची आणि करंगळीत एक साधे कडे घालायचे. लिहिताना ते कागदाला लागावे आणि जबाबदारीची आठवण राहावी. त्या विधीची संहिता रुडयार्ड किपलिंगने लिहून दिली. १८६५ साली आपल्या मुंबईत जन्मलेला तोच हा लेखक. पहिला विधी १९२५ साली झाला.

आता आपल्या देशाकडे येऊ. पोलादाचा हिशेब शिकायचा तर आधी पोलाद हवे. जमशेटजी टाटांच्या स्वप्नातून १९०७ साली कंपनी स्थापन झाली, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, पोलादाचा पहिला गट्टू निघाला. रेल्वेचे एक बडे साहेब सर फ्रेडरिक अपकॉट म्हणाले होते म्हणे, की टाटांनी चांगले रूळ करून दाखवले तर ते मी खाऊन दाखवीन! साहेबांनी रूळ खाल्ल्याची नोंद नाही. पण १९४३ साली खुल्या झालेल्या कलकत्त्याच्या हावडा पुलात जे सुमारे २६,५०० टन पोलाद लागले, त्यांतले २३,००० टन टाटांच्या कारखान्याचे होते. ते सारे रिव्हेटांनी जोडलेले, म्हणजे तापवून लाल केलेली खिळ भोकात घालून दुसऱ्या बाजूने ठोकून बसवलेली. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्याच सुमारास राउरकेला व दुर्गापूर येथेही कारखाने उभे राहिले.

त्याच काळात आणखी एक काम झाले, ज्याचा गाजावाजा कमी झाला. १९४७ साली भारतीय मानक संस्था निघाली. देशात पोलाद थोडे, मागणी पुष्कळ. तेव्हा ते काटकसरीने आणि तरीही निर्धोकपणे कसे वापरावे याचे नियम हवे होते. १९५६ साली पोलादी बांधकामाची संहिता प्रसिद्ध झाली, तिला 'आय. एस. ८००' म्हणतात. १९६२, १९८४ आणि २००७ साली ती सुधारली गेली. बाजारात तुळईला 'आय. एस. एम. बी. २००' असे म्हणतात ते याच प्रमाणीकरणामुळे. त्यातला २०० हा आकडा तुळईची उंची मिलिमीटरमध्ये सांगतो.

या संहितेचे मर्म पोत्यांच्या भाषेत सांगतो. नेहमीच्या बांधकामाच्या पोलादाचा एक चौरस सेंटिमीटर छेदाचा दांडा टांगला, तर तो सुमारे पंचवीस क्विंटल ओझे पेलतो; म्हणजे क्विंटलची पंचवीस पोती. त्यापुढे तो कायमचा लांबू लागतो. लगेच तुटत नाही. पुष्कळ ताणला जातो आणि मग तुटतो. हा पोलादाचा मोठा गुण आहे. ते आधी सांगते. पण म्हणून पंचवीस पोती टांगायची का? नाही. जुन्या रीतीत म्हणत, शक्तीच्या साठ टक्केच वापरा. म्हणजे पंधरा पोती. २००७ च्या रीतीत उलट बाजूने जातात. येणारा भार दीडपट मोठा धरायचा आणि पोलादाची शक्ती १.१ ने भागून थोडी कमी धरायची. पंचवीसला १.१ ने भागा, मग दीडने भागा. या साध्या दांड्यापुरते उत्तर पुन्हा पंधरा पोत्यांच्या आसपासच येते. मग रीत बदलली कशाला? कारण सारेच भार सारखे बेभरवशाचे नसतात. पत्र्याचे वजन आपल्याला नीट माहीत असते. वाऱ्याचे आणि गर्दीचे नसते. नव्या रीतीत निरनिराळ्या भारांसाठी आणि ते एकत्र येतात तेव्हासाठी वेगवेगळे गुणक धरता येतात.

एवढे सगळे कळल्यावरही एक जागा उरते, आणि ती म्हणजे जोड. १९८१ सालच्या १७ जुलैची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात एका हॉटेलच्या दिवाणखान्यात नाचाचा कार्यक्रम होता. दिवाणखान्यावर एकाखाली एक असे दोन झुलते पूल होते, छताला पोलादी दांड्यांनी टांगलेले. ते दोन्ही खाली आले आणि ११४ माणसे मेली. दांडे तुटले नव्हते. झाले होते असे. मूळ आराखड्यात एकच लांब दांडा दोन्ही पुलांतून जाणार होता. बांधणाऱ्यांनी सोय म्हणून त्याचे दोन केले. वरचा पूल छताला टांगलेला आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगलेला. कागदावर बदल किरकोळ दिसला, आणि कोणी नव्याने हिशेब मांडला नाही.

त्याने काय बिघडले ते विहिरीवर कळेल. एका दोराला दोन गडी लोंबकळले आहेत. दोघांनीही दोरच धरला असेल, तर प्रत्येकाच्या मुठीवर आपापले वजन. पण खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर? दोरावर भार तेवढाच. मात्र वरच्याच्या मुठीवर आता दोघांचे वजन. तिथेही असेच झाले. दांड्याखालच्या नटावर आणि तिथल्या पेटीच्या आकाराच्या तुळईवर दुप्पट भार आला. मूळचा जोडही नियमाला उतरणारा नव्हताच. या बदलाने तो पुरता संपला.

आता परत शाळेच्या शेडकडे जाऊ. आपल्या गावांत आज पत्र्याच्या शेडी पुष्कळ होतात. शाळेत, देवळापुढे, गोठ्याला, बाजारात. वेल्डिंग करणारे कारागीर हुशार असतात, पण हिशेब बहुधा नजरेचा. नजर पडणाऱ्या भाराचा अंदाज करते. उचलणाऱ्या वाऱ्याचा करत नाही. पुण्याच्या बाजूला आपली संहिता सेकंदाला ३९ मीटर वेगाचा वारा धरायला सांगते. त्याचा दाब एका चौरस मीटरला नव्वद किलोंच्या वर जातो. वाऱ्याची दिशा आणि छपराचा उतार पाहून तो कमी-जास्त धरतात हे खरे. पण तेवढ्याच जागेवरचा पत्रा आणि खालचे अँगल मिळून वजन बहुधा पंधरा-वीस किलो. मग वारा आत शिरला आणि वरूनही ओढू लागला, तर छप्पर जागेवर राहते कशाने? पायाच्या बोल्टांनी आणि पायाच्या वजनाने.

म्हणून शिक्षकांना आणि शाळा समितीच्या सभासदांना माझी विनंती आहे. तुम्हाला गणित येण्याची गरज नाही; विचारता येणे पुरे. शेडचे काम निघाले की विचारा, खांब पायात किती खोल बांधला आहे आणि पाया किती जड आहे? उंच सडपातळ खांबांना बाक येऊ नये, सारी शेड आडवी ढळू नये म्हणून तिरप्या पट्ट्यांची फुली कुठे दिली आहे? जोड कसा करायचा हे नकाशावर आहे, की जागेवर ठरणार आहे? नकाशावर जबाबदार इंजिनिअरची सही आहे का? आणि पुढे कधी त्याच कैचीला पाण्याची टाकी ठेवायची, सौर पट्ट्या बसवायच्या असे निघाले, तर हिशेब पुन्हा कोण मांडणार? हे प्रश्न विचारण्यात कुणाचा अपमान नाही. बाउच, स्टीव्हन्सन, कूपर ही लहान माणसे नव्हती. त्यांना कुणी वेळेवर विचारले असते, आणि त्यांनी ऐकले असते, तर पुष्कळ घरांतले दिवे विझले नसते.

त्या गावी पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा गेलो होतो. शेड परत उभी राहिली होती. तालुक्याहून इंजिनिअर बाई येऊन नकाशा करून गेल्या होत्या. खांबांखाली मोठे खड्डे घेऊन जड पाया भरला होता, बोल्ट त्यात हातभर खोल आणि खाली आकडा वळवलेले, दोन्ही टोकांना पट्ट्यांची फुली. सुतारकाका भेटले. मी विचारले, "काका, लोखंड या वेळी जाड घेतलं वाटतं?" ते हसले आणि म्हणाले, "नाही सर. अँगल तेच आहेत, उसातून उचलून आणलेले."